अठरा वर्षं 'जुनी' की अठरा वर्षं 'मुरलेली'?

एडिंबरामध्ये राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडच्या मराठी मित्रमंडळींनी एका संध्याकाळी चार सिंगल माल्ट (एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून बनवलेल्या) व्हिस्की चाखल्या, प्रत्येकीला शंभरापैकी गुण दिले आणि या सगळ्याचं टिपण मराठीतच लिहायचं ठरवलं. पहिल्याच ओळीला गाडी अडली. बाटलीवरच्या 'एज्ड एटीन इयर्स'चं एकाने 'अठरा वर्षं जुनी' केलं, दुसऱ्याने 'अठरा वर्षं वयाची', तिसऱ्याने 'अठरा वर्षं परिपक्व'. यातलं बरोबर कुठलं? आणि 'पीटेड', 'स्मूद', 'फिनिश' यांना मराठीत काही आहे का, की तसंच ठेवावं?

ताई, तिन्ही बाजूला ठेवा आणि 'अठरा वर्षं मुरलेली' लिहा. हा शब्द इथे नुसता चालतो असं नाही, तो इंग्रजी शब्दापेक्षा नेमका आहे.

'जुनी' का नको ते आधी सांगतो. बाटलीवरचा आकडा हा व्हिस्की लाकडी पिंपात किती वर्षं होती त्याचा असतो. बाटलीत भरल्यावर तो आकडा थांबतो. समजा एखाद्या काकांनी १९९५ साली १२ वर्षांची बाटली आणली आणि कपाटात तशीच ठेवली. आज ती बाटली खरोखर जुनी आहे, तीसेक वर्षांची आहे, पण आतली व्हिस्की १२ वर्षंच मुरलेली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्या सांगायला दोन वेगळे शब्द आहेत, मग एकाच शब्दात दोन्ही का कोंबायच्या? 'वयाची'मध्येही तीच अडचण, कारण वय थांबत नाही. 'परिपक्व' मला वेगळ्या कारणाने खटकतो. फळ पिकतं ते आपलं आपण, आतून. भट्टीतून निघालेलं पाण्यासारखं पारदर्शक मद्य आपलं आपण काहीच होत नाही. त्याचं जे काही होतं ते लाकडाच्या संगतीत होतं.

आणि 'मुरणे' हा संगतीचाच शब्द आहे. एक वस्तू दुसरीत हळूहळू जिरते आणि जिरता जिरता दोघींचं रूप पालटतं. पाणी जमिनीत मुरतं. कैरीच्या फोडींत मीठ-मोहरी मुरते. जुना ताप अंगात मुरतो. ओकच्या पिंपात अक्षरशः हेच चालतं. हवा तापली की मद्य फुगून लाकडाच्या आत शिरतं, गार झाली की परत बाहेर येतं, आणि येताना लाकडातला रंग, व्हॅनिलाचा वास, तुरटपणा घेऊन येतं. वर्षानुवर्षं ही ये-जा. 'एज्ड' या शब्दात फक्त काळ गेल्याचं कळतं. 'मुरलेली' म्हटलं की काय घडलं तेही कळतं.

इथे एक शंका निघेल, माझ्या बहिणीने ती काढलीच: लोणचं काचेच्या बरणीत मुरतं, मग व्हिस्की काचेच्या बाटलीत का नाही मुरत? कारण बरणीत कैरी आहे, मसाला आहे, तेल आहे, म्हणजे एकमेकांत मुरायला जोडीदार आहेत. बाटलीत व्हिस्की एकटी असते, आणि काचेत काही मुरत नाही. आईची लोणच्याची बरणी माळ्यावरून उतरली की दादरा सोडून ती आधी नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, 'अजून मुरलं नाही, फोडी अजून वेगळ्या लागतायत.' इतक्या वर्षांत व्हिस्कीच्या वयाबद्दल मी जे वाचलं, त्यात या वाक्यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही. कोवळ्या व्हिस्कीत दारू वेगळी लागते, लाकूड वेगळं लागतं. मुरलेलीत दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

एक दुरुस्ती मात्र टिपणात जरूर करा. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावं लागतं, आणि बाटलीवरचा आकडा आत मिसळलेल्या व्हिस्कींपैकी सगळ्यात कमी मुरलेलीचा असतो. १८च्या बाटलीत २५ वर्षांची मिसळलेली असू शकते, १७ची नाही. म्हणून 'निदान अठरा वर्षं मुरलेली' हे सगळ्यात काटेकोर. आपला हा 'निदान' इथे चपखल बसतो.

'पिंप' लिहिताना संकोच करू नका. 'कास्क' किंवा 'बॅरल' लिहिण्याची गरज नाही. पिंप हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'पिपा'वरून आला, आणि पिपा म्हणजे दारूचं लाकडी पिंपच. पोर्ट वाइन ज्या मोठ्या पिंपांत ठेवतात त्यांना आजही 'पाइप' म्हणतात, आणि काही स्कॉच शेवटचे काही महिने त्याच पिंपांत मुरवतात. पाणी साठवायच्या पत्र्याच्या पिंपामुळे आपण विसरलो, पण शब्द मूळचा याच घरातला आहे.

'मुरब्बी' मात्र इथे वापरू नका, तो मोह एका मित्राला झाला होता. मुरब्बी आणि मुरब्बा दोन्ही अरबीतून आले, पालनपोषणाच्या अर्थाच्या धातूवरून. मुरब्बी म्हणजे मुळात पाठीराखा, आश्रयदाता. आपण त्याला 'अनुभवी' या अर्थाने वापरतो, आणि माझ्या मते 'मुरलेला' शेजारी असल्यामुळेच तो अर्थ त्याच्याकडे सरकला असावा. राजकारण्याला मुरब्बी म्हणावं. व्हिस्कीला नको.

आता वेगवेगळ्या वयाच्या व्हिस्की ओळीने चाखताना खरी गंमत आहे ती भाजीबाजारातल्या शब्दांची. कोवळी, मुरलेली आणि जून. आपल्याला 'जून' माहीत आहे: जून भेंडी, जून काकडी, जिची वेळ टळून गेली आहे. इंग्रजीत सगळ्यांना 'ओल्ड'च. मी एकदा एका मित्राकडे १०, १२, १८ आणि २५ वर्षांच्या व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून हुंगल्या होत्या. २५ची सगळ्यात महाग होती, सगळे तिची वाट बघत होते. पहिल्या घुटक्यातच जीभ आखडली. डाळिंबाची साल चावल्यासारखा तुरटपणा, त्यामागे कडू लाकूड, आणि धान्याचा गोडवा कुठेच नाही. मित्राच्या आत्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी फक्त वास घेतला आणि म्हणाल्या, 'ही जून झालीय.' मी त्या बाटलीला ७१ गुण दिले आणि १८च्या बाटलीला ८८. आत्यांचा शब्द हातात नसता तर किंमत बघून मी कदाचित ८५ दिले असते.

जून कधी होणार हे हवेवर ठरतं. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. या हिशेबाने अठरा वर्षांत तीस टक्के गेली. बंगळुरूत अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात हीच घट वर्षाला दहा टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे आठच वर्षांत निम्म्याहून जास्त पिंप रिकामं. म्हणून त्यांनी ८ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली तेव्हा तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असं ठेवलं. गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉनच्या नेहमीच्या बाटल्यांवर तर वयाचा आकडाच नाही. उष्ण हवेत चार-पाच वर्षांत व्हिस्की चांगली मुरू शकते. वर्षं मोजणारा शब्द इथे फसवतो, मुरणं मोजणारा फसवत नाही.

'पीटेड'साठी माझा शब्द आहे 'धुरी दिलेली'. पीट आपण शाळेच्या भूगोलात शिकलोय, दगडी कोळशाच्या अलीकडची पायरी. मोड आणलेले जव त्याच्या विस्तवावर वाळवले की धूर दाण्यात बसतो आणि ऊर्ध्वपातनातूनही टिकून राहतो. मराठीत 'धुराचा वास लागला' म्हटलं की तक्रार असते, दूध चुलीवर बिघडल्याची. 'धुरी दिली' म्हटलं की ते मुद्दाम, हौसेने केलेलं असतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची लाफ्रोइग ही धुरी दिलेली व्हिस्की मी पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला इस्पितळ आणि आयोडीन आठवेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला आठवली बाळंतिणीची खोली: शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकलेला ओवा आणि वावडिंग, आणि कपड्यांत दिवसभर राहणारा तो वास. तिच्यात दोन थेंब पाणी घातलं तर धूर वाढल्यासारखा वाटतो, आणि तो भास नाही. ग्वायाकॉल हे धुराच्या वासाचं संयुग मद्याचं प्रमाण उतरलं की पृष्ठभागाकडे येतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ साली संगणकावरच्या प्रारूपातून दाखवलं. आपण सहज म्हणतो ना, पाण्याने वास 'खुलतो', ते अगदी खरं आहे.

'स्मूद'ला 'गुळगुळीत' अजिबात नको. गुळगुळीत भाषण असतं, ज्यात काही नसतं. 'मवाळ' लिहा. त्याच्या समोर 'जहाल' आयता आहे, पिंपातून पाणी न घालता थेट भरलेल्या ५५-६० टक्क्यांच्या व्हिस्कीसाठी. टिळक-गोखल्यांच्या काळापासून ही जोडी राजकारणात अडकून पडली, पण जहाल हा शब्द विषाला आणि औषधाला आपण पूर्वीपासून लावत आलोय. बोलताना तर याहून सोपं आहे: 'घशाला लागत नाही.'

'फिनिश'चं भाषांतर 'शेवट' झालेलं मी वाचलंय आणि मला वाईट वाटलं, कारण अर्थ नेमका उलटा झाला. घोट गिळल्यावर जे उरतं ते फिनिश. मराठीत ती 'मागची चव'. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जी गोडी येते ती मागची चव, हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. ती लांब असेल तर 'रेंगाळते', तोकडी असेल तर 'लगेच विरते'.

चवींच्या उपमा देताना एवढं सांभाळा: इंग्रजी टिपणात 'मोलॅसिस' असेल तिथे 'काकवी' लिहा, 'मळी' नको. कोशात मळी सापडेल, पण साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला मळी म्हटल्यावर जो वास येतो तो कुणी पेल्यात घेणार नाही. तसंच नारळाचं. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपातून नारळाची चव उतरते, पण ओलं खोबरं, भाजलेलं सुकं खोबरं आणि खवट खोबरं या तीन वेगळ्या चवी आहेत. तुमच्या १८च्या बाटलीत यांपैकी कुठली होती, हे इंग्रजी टिपणावरून कळणार नाही, पुन्हा हुंगावंच लागेल.

गुणांबद्दल विचारलेलं नाही तरी सांगतो, 'मानांकन' नको. फेणीला २००९ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन; तो मुलुखाचा शिक्का आहे. तुम्ही दिलेत ते 'गुण', आणि आपल्या भाषेत गुण म्हणजे आकडाही आणि अंगचा चांगुलपणाही.

तुमच्या टिपणातली पहिली ओळ होती: 'ही अठरा वर्षं जुनी व्हिस्की खूप स्मूद असून तिचा शेवट लांब आहे.' मी ती अशी लिहीन: 'शेरीच्या पिंपात निदान अठरा वर्षं मुरलेली. हुंगल्यावर मनुका आणि काकवी. मवाळ, घशाला लागत नाही. मागे हलका तुरटपणा रेंगाळतो, पण अजून जून झालेली नाही. ८६ गुण.' शेरी (स्पेनची एक वाइन), मनुका, काकवी, तुरटपणा आणि ८६ माझ्या मनचे आहेत, तिथे तुमचे घाला.