वाचकांच्या शंका : मार्टिना हिंगिस, एकेरीतून दुहेरीत

प्रश्न : जागतिक टेनिसमध्ये सर्वांत लहान वयात अव्वल क्रमांक गाठण्याचा स्विस खेळाडू मार्टिना हिंगिसचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. हल्लीच्या मुली कमी पडतात, की नियम आड येतात?

उत्तर : मुख्यतः नियम. हिंगिसचा जन्म ३० सप्टेंबर १९८० चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या कोशित्से गावचा. नाव ठेवलं ते टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवावरून. आई मेलानी मोलिटोर स्वतः खेळाडू आणि प्रशिक्षक. सात वर्षांची असताना मायलेकी स्वित्झर्लंडला आल्या. बाराव्या वर्षी तिने फ्रेंच ओपनचं मुलींचं विजेतेपद मिळवलं आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये, चौदा पुरी होताच, झुरिकच्या स्पर्धेतून व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली.

ही तारीख महत्त्वाची. जेनिफर कॅप्रिआतीसारख्या मुली कोवळ्या वयात दमून गेल्याचं पाहून महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून वयाची बंधनं कडक केली. त्याआधी व्यावसायिक झालेल्यांना जुनाच नियम लागू राहिला. हिंगिस आणि व्हीनस विल्यम्स त्यातून अशा निसटल्या. नंतरच्या नियमांत सोळा वर्षांच्या मुलीला वर्षाला साधारण १२ स्पर्धांची मुभा होती. चांगल्या कामगिरीवर थोड्या वाढीव मिळत. हिंगिसने १९९७ मध्ये १२ स्पर्धा नुसत्या जिंकल्या आणि पाच सामने गमावले, म्हणजे एकंदर १७ स्पर्धा. क्रमवारीचे गुण स्पर्धा खेळूनच मिळतात. ३१ मार्च १९९७ रोजी, वय १६ वर्षं ६ महिने असताना, ती अव्वल झाली. आज तेवढीच गुणी मुलगी आली तरी तिला गुण जमवायला पुरेशा स्पर्धा मिळणं अवघड.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात तिने मेरी पिअर्सला ६-२, ६-२ असं हरवलं. तिच्याहून कमी वयात ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धा) एकेरी जिंकलेली एकच, १८८७ ची विम्बल्डन विजेती लॉटी डॉड. पुढे विम्बल्डनला याना नोवोत्ना आणि अमेरिकन ओपनला व्हीनस हरली. राहिली फ्रेंच. एप्रिलमध्ये हिंगिस घोड्यावरून पडली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ती थेट पॅरिसला उतरली. तरी अंतिम फेरी गाठली. तिथे इव्हा मायोलीने तिला ६-४, ६-२ असं नमवलं.

प्रश्न : माझ्याकडे शिकणारी बारा वर्षांची मुलगी चणीने लहान आहे, फटक्यात जोर नाही. हिंगिसच्या खेळातलं तिला काय शिकवावं?

उत्तर : हिंगिसची उंची १ मीटर ७० सेंटिमीटर. लिंडसे डॅवनपोर्ट १ मीटर ८९. तेव्हा जोराची बरोबरी शक्यच नव्हती. हिंगिस समोरचीचा वेळ कापून घ्यायची. टप्पा पडल्यावर चेंडू वर चढत असतानाच, सर्वोच्च बिंदूच्या आधी, तो मारला की प्रतिस्पर्ध्याला सावरायला फुरसत मिळत नाही आणि त्याचाच वेग आपल्या कामी येतो.

सराव असा घ्या. मुलीला बेसलाइनवर (कोर्टाच्या टोकाच्या रेषेवर) उभी करा, मागे नाही. तुमची रॅकेट चेंडूला लागत असताना ती छोट्या उडीत (स्प्लिट स्टेप) असावी आणि लगेच दोन्ही पाय जमिनीवर यायला हवेत. चेंडू नेट ओलांडेपर्यंत खांदे वळलेले हवेत. रॅकेट मागे नेताना ती पाठीमागे जाऊ देऊ नका. इथेच बहुतेक मुलींचं बिघडतं. मागचा झोका लांबला की चेंडू अंगाच्या मागे सापडतो आणि फटका कोर्टाबाहेर किंवा थेट आकाशात जातो. सुरुवातीला तुम्ही हाताने टाकलेले सावकाश चेंडू पुरे. दहापैकी सात शरीराच्या पुढे, कंबरेच्या उंचीवर मारता आले की मगच रॅकेटने चेंडू द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा कधी बदलायची. हिंगिसचा दोन हातांचा बॅकहँड कर्णरेषेत जितका अचूक, तितकाच रेषेलगत सरळ. पण ती उगाच सरळ मारत नसे. नेट मध्यभागी ९१ सेंटिमीटर उंच असतं आणि खांबांशी १०७. शिवाय सरळ रेषेत कोर्टाची लांबी ७८ फूट, तर कर्णरेषेत ती त्याहून साधारण साडेचार फूट जास्त भरते. सरळ फटक्याला नेट उंच आणि जागा कमी. म्हणून मुलीला इतकंच सांगा : चेंडू आखूड पडला किंवा तोल पूर्ण सावरलेला असला तरच दिशा बदल, नाहीतर कर्णरेषेतच ठेव.

हिंगिसच्या सर्व्हिसची नक्कल मात्र करू देऊ नका. दुसरी सर्व्हिस हळू आणि उथळ पडायची. डॅवनपोर्ट आणि विल्यम्स भगिनी कोर्टात एक पाऊल आत येऊन त्यावर तुटून पडायच्या. १९९८ आणि १९९९ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम फेऱ्या, २००० ची ऑस्ट्रेलियन, तिन्ही ती याच दोन घरांतल्या जोरकस खेळाडूंकडून हरली. बारा वर्षांच्या मुलीला फिरकीची, उंच उसळणारी दुसरी सर्व्हिस आत्ताच शिकवायला घ्या. पुढे सवय मोडणं जड जातं.

प्रश्न : १९९९ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी हिंगिसची हुर्यो का उडवली? तिने खालून केलेली सर्व्हिस नियमबाह्य होती का?

उत्तर : खालून सर्व्हिस करायला नियमाची काहीच आडकाठी नाही. चेंडू हातातून सोडल्यावर जमिनीला लागण्याआधी मारला की झालं. प्रकरण त्याच्या कितीतरी आधी बिघडलं होतं.

स्टेफी ग्राफविरुद्ध हिंगिस ६-४, २-० अशी पुढे होती. तिचा एक परतीचा फटका बाहेर पडल्याचा निर्णय झाला. लाल मातीवर चेंडूची खूण उमटते, आणि ती तपासायला पंचांना खुर्चीवरून उतरायची विनंती खेळाडूला करता येते. स्वतः नेटपलीकडे जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या बाजूची खूण दाखवता येत नाही. हिंगिस नेमकी तेच करून बसली आणि एका गुणाचा दंड ओढवून घेतला. पॅरिसचे प्रेक्षक आधीच ग्राफच्या बाजूचे. त्यानंतर ते पूर्ण उलटले.

तरीही दुसऱ्या सेटमध्ये ५-४ असताना विजेतेपदासाठी सर्व्हिस तिच्याच हातात होती. ती गमावली, सेट ७-५ असा गेला. शेवटच्या सेटमध्ये हरण्याच्या उंबरठ्यावर तिने खालून सर्व्हिस केली. ती चाल कमी आणि चिडचीड जास्त वाटली. ४-६, ७-५, ६-२ अशी ग्राफ जिंकली, आणि पारितोषिक समारंभासाठी रडणाऱ्या हिंगिसला आईने हाताला धरून परत आणलं. काही आठवड्यांनी विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत पात्रता फेरीतून आलेल्या येलेना डोकिचने तिला ६-२, ६-० असं गारद केलं. मातीवरच्या ग्रँड स्लॅमने तिला एकेरीत कायमच चकवलं. आमच्या मते १९९७ च्या पराभवाला गुडघ्याचं कारण देता येतं. १९९९ चा सामना तिने स्वतःच्या हाताने घालवला.

प्रश्न : बाविसाव्या वर्षी निवृत्ती, ती दुखापतीमुळेच ना?

उत्तर : हो, घोट्यांमुळे. ऑक्टोबर २००१ मध्ये एका घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, मे २००२ मध्ये दुसऱ्यावर. मधल्या काळात, जानेवारी २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात, मेलबर्नच्या भाजून काढणाऱ्या उन्हात, कॅप्रिआतीविरुद्ध ६-४, ४-० अशी आघाडी आणि विजेतेपदाचा गुण मिळवायच्या चार संधी येऊनही ती हरली. फेब्रुवारी २००३ मध्ये ती थांबली. २००६ मध्ये परतल्यावर वर्षअखेर ती सातव्या क्रमांकावर होती. त्यात रोमचं विजेतेपद आलं, कोलकात्याचंही, जिथे उपांत्य फेरीत तिने सानिया मिर्झाला सहज हरवलं होतं.

प्रश्न : कोकेनच्या आरोपात ती दोषी होती का? दोन वर्षांची बंदी जास्त नव्हती?

उत्तर : २००७ च्या विम्बल्डनदरम्यान घेतलेल्या नमुन्यात कोकेनपासून शरीरात तयार होणारा घटक अत्यल्प प्रमाणात सापडला. तिने सेवन केल्याचं साफ नाकारलं आणि नोव्हेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली. लवादाने ऑक्टोबर २००७ पासून दोन वर्षांची बंदी घातली. या नियमांत हेतू सिद्ध करावा लागत नाही. पदार्थ शरीरात आला कसा, हे खेळाडूने पटवून द्यायचं असतं. ते न जमल्यास प्रमाण किती हा मुद्दा मागे पडतो. २०२१ पासून जागतिक संहिता बदलली : असा पदार्थ स्पर्धेच्या काळाबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना घेतल्याचं सिद्ध झालं तर बंदी तीन महिन्यांवर येऊ शकते. पण ती सवलतही सेवन मान्य करणाऱ्यालाच उपयोगी.

प्रश्न : सानियाबरोबर सलग ४१ सामने कसे जिंकले? दोघींत कुणाचं काय काम होतं?

उत्तर : मुंबईत जन्मलेली, हैदराबादला वाढलेली सानिया उजव्या बाजूला (ड्यूस कोर्ट) सर्व्हिस परतवायची, कारण तिचा फोरहँड जबर. हिंगिस डावीकडे, म्हणजे तिच्या बॅकहँडकडे. सानियाने बेसलाइनवरून तडाखे द्यायचे, प्रतिस्पर्धी जोडी विस्कटली की हिंगिसने नेटवर पुढे घुसून व्हॉलीने (टप्पा पडण्याआधीच चेंडू मारून) गुण संपवायचा. एकेरीत जी सर्व्हिस दर दुसऱ्या गेमला करावी लागते, ती दुहेरीत चौथ्या गेमला एकदा; शिवाय नेटवर जोडीदार उभी. हिंगिसचा कच्चा दुवा अर्ध्यावर आला, आणि अंदाज, हात, कोन हे पक्के दुवे दुप्पट उपयोगी पडले.

मार्च २०१५ मध्ये जोडी जमली आणि लागोपाठ इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्स्टन जिंकून सानिया दुहेरीत अव्वल झाली. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात माकारोवा-वेस्निना या रशियन जोडीविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशा मागे असताना त्यांनी ५-५ केलं. अंधारामुळे छत बंद करावं लागलं आणि परतल्यावर सेट ७-५ असा घेतला. त्यानंतर अमेरिकन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन. घोडदौड फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहात थांबली, ऑगस्टमध्ये जोडी फुटली.

प्रश्न : लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरीत कधी १०-८ असा सेट दिसतो. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : नाही. विम्बल्डन वगळता इतर तीन ग्रँड स्लॅममध्ये तेव्हा मिश्र दुहेरीचा तिसरा सेट खेळला जात नसे. त्याजागी १० गुणांचा टायब्रेक, दोन गुणांच्या फरकाने. २०१६ च्या फ्रेंचमध्ये हिंगिस-पेस यांनी सानिया आणि इव्हान डोडिग यांना ४-६, ६-४, १०-८ असं हरवलं. मूळ गोव्याच्या घराण्यातल्या पेसने आणि हिंगिसने २०१५ मध्ये बाकीच्या तिन्ही जिंकल्या होत्या. ४०-४० झाल्यावर एकच निर्णायक गुण खेळायचा असेल, तर त्यात पुरुषाची सर्व्हिस पुरुषाने, स्त्रीची स्त्रीने परतवायची, हा मिश्र दुहेरीचा नियम.

प्रश्न : एकूण ग्रँड स्लॅम किती? ऑलिंपिक पदक आहे का?

उत्तर : एकेरी ५, महिला दुहेरी १३, मिश्र ७, एकूण २५. एकेरीत २०९ आठवडे अव्वल. ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, रिओ २०१६ चं. ठरलेली जोडीदार बेलिंडा बेंचिच आणि मिश्र दुहेरीतला रॉजर फेडरर दोघेही दुखापतीमुळे आले नाहीत. तेव्हा तिमेआ बाचिन्स्कीबरोबर ती उतरली आणि अंतिम सामन्यात माकारोवा-वेस्निना याच जोडीकडून ६-४, ६-४ अशी हरली. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिने कायमची निवृत्ती घेतली, तेव्हा ती दुहेरीत अव्वल होती. बेंचिचलाही लहानपणी मेलानी मोलिटोरनेच शिकवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंचिचने एकेरीचं सुवर्ण जिंकलं.