कुंडीत एकच झाड आहे, गोव्यात घरी गांजा सुकवून बरणीत ठेवला तर चालतं का?

नाही चालत, आणि हे कळकळीने सांगतोय कारण "गोव्यात सगळं चालतं" या समजावर आमच्या वाड्यावरचा एक पोरगा अडकला, गच्चीवर पत्र्याच्या डब्यात दोन झाडं आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावलेल्या चार फांद्या, बस एवढंच, आणि त्याची आई अजून कोर्टाच्या तारखांना बसने जाते.

गोव्याला वेगळा कायदा नाही, देशभर लागू असलेला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदाच इथे आहे. लोक म्हणतात एक किलोच्या आत काही होत नाही, ते साफ चूक आहे. एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, पण त्यालाही १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेच. आणि झाड लावणं हा वेगळा गुन्हा, कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, तिथे एक झाड की दहा असा हिशोबच नाही! नुसती पानं आणि बिया, फुलोरा सोबत नसेल तर, गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, काही राज्यांत सरकारी परवान्याच्या दुकानातली भांग त्यामुळेच चालते, पण तुला सुकवायचाय तो फुलोराच ना.

झोपेसाठी लावलं असशील तर बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, ओपीडीला जाऊन ये, लाजू नको. सवय लागली असेल तर स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कलम ६४अ मध्ये काही सवलत आहे, ती वकिलाला विचार.