एमएस-सीआयटी झालंय, महसूल सहायक म्हणून निवड झालीय. आता आणखी काय शिकू?

प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यात महसूल सहायक म्हणून निवड झाली आहे. रुजू होण्याआधी कोणता संगणक कोर्स लावू? आणि 'इंटरऑपरेबिलिटी' म्हणतात ते नेमकं काय?

उत्तर: अभिनंदन! पैसे भरून काही लावू नका. केंद्राच्या 'आयगॉट कर्मयोगी' या सरकारी नोकरांच्या प्रशिक्षण पोर्टलवर बरंच काही फुकट आहे, रुजू झाल्यावर तिथं नाव नोंदवा. कोर्सचं एवढंच.

दुसरा प्रश्न मोलाचा आहे. मी याच जिल्ह्यात महसुलात नोकरी केली, शेवटची काही वर्षं नव्या पोरांना संगणकावर बसवायचं काम माझ्याकडं होतं. इंटरऑपरेबिलिटी मला शिकवली ती एका 'सो'नं. आपल्याकडं बाळासाहेबाचा बाळासो होतो, आप्पासाहेबाचा आप्पासो. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत ते खपतं. पन्हाळ्याकडचे एक आजोबा सातबाऱ्यावर बाळासो, आधारवर बाळासाहेब आणि पासबुकावर बाळू. अख्खं गाव ओळखतं, पण पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये अडकले. तिन्ही ठिकाणच्या कारकुनांनी आपापल्या समोरचा कागद बघून बरोबरच भरलं होतं. हेलपाटे मात्र म्हाताऱ्याला.

एका कार्यालयानं भरलेली माहिती दुसऱ्याला त्याच अर्थानं वापरता येणं, म्हणजे इंटरऑपरेबिलिटी. मराठीत 'आंतरकार्यक्षमता' म्हणतात. उच्चारून बघा, इंग्रजीच बरं वाटेल. युरोपियन युनियनच्या आराखड्यात तिचे चार थर सांगितलेत: कायदा, कार्यालयांमधला मेळ, माहितीचा अर्थ आणि तंत्र. आपलं प्रशिक्षण चौथ्यावरच थांबतं. नवीन सॉफ्टवेअर आलं की हॉल, प्रोजेक्टर, कुठलं बटण कशाला, चहा, हजेरीची सही. मीही अशीच शिबिरं घेतली, कबूल करतो. तुम्ही भरलेला रकाना पुढं बँकेत, कृषी खात्यात कोण वाचणार, हे मी कधी सांगितलंच नाही.

मग 'सो' दिसला की आपणच 'साहेब' करून टाकायचं का? मुळीच नको. संगणकाला ते दोन सेकंदांचं काम, पण सातबाऱ्यासारख्या अधिकार अभिलेखातली लेखनातली चूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश झाल्यावरच दुरुस्त होते. म्हणून संहिता वाचणं हेही संगणकाच्या तयारीतच धरा.

गावांच्या नावांनी तर मला जास्त रडवलंय. कागल तालुक्यात कसबा सांगाव आहे आणि मौजे सांगावही आहे. कुणी नुसतं 'सांगाव' लिहितं, कुणी 'क. सांगाव'. जुना कारकून तोंड बघून ओळखायचा कुठला माणूस ते, यादी कशी ओळखणार? केंद्राच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' या ऑनलाइन यादीत प्रत्येक गावाला कोड दिलेला आहे. यादी करताना नावाशेजारी तो कोड घालायची सवय लावा.

टायपिंगचा हात जुन्या फॉन्टवर बसला असेल तर आजच युनिकोडवर या, इनस्क्रिप्ट कळफलक शिका. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या टेबलावर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा होतो.

आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. लोक १५ रुपये भरून तो काढतात, आणि एखादा साहेब म्हणतो, "तलाठ्याचा शिक्का आणा." अशा उताऱ्याला शिक्का लागत नाही. त्यावरचा पडताळणी क्रमांक टाकून उतारा खरा आहे का ते बघायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे.

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात सेतूतल्या ऑपरेटरशेजारी एक दुपार बसा. परत आलेले अर्ज कोणत्या रकान्यामुळं परत आले, तेवढं वहीत टिपून घ्या. तो आधी वैतागेल. चहा तुम्ही सांगा.