विज्ञानकथेच्या लॉगलाइनवर उपयोगी अभिप्राय कसा द्यावा?

लेखकमित्र आपल्या विज्ञानकथांच्या लॉगलाइन, म्हणजे कथेचे सार सांगणारी एक-दोन वाक्ये, वाचायला देतात, तेव्हा ‘छान आहे’ यापलीकडे काय सांगावे आणि त्यांचा हिरमोड न करता उणीव कशी दाखवावी, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षे आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी लक्ष्मीनगरात एका मित्राच्या घरी जमून हेच काम करतो, त्यामुळे अनुभवातून जे हाती लागले तेवढेच लिहितो.

नायक किंवा नायिका कोण, तिला काय हवे आहे, आड काय येते आणि हरल्यास काय गमवावे लागेल, एवढे कोणत्याही लॉगलाइनमधून एक-दोन वाक्यांत कळायला हवे. विज्ञानकथेत त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे आपल्या ओळखीच्या जगातला कोणता नियम लेखकाने बदलला आहे. हा बदललेला नियम आणि त्या माणसाची अडचण यांची गाठ बसली आहे की नाही, हे पाहणे हेच अभिप्राय देणाऱ्याचे खरे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. नियम काढून टाकला तरी अडचण तशीच उरत असेल, तर ती गाठ बसलेली नाही.

आमच्याकडे एकदा अशी ओळ आली होती: ‘२०९० साली नागपूरला पाणी पुरवणारे तोतलाडोह धरण कोरडे पडते आणि एक तरुण अभियंता कृत्रिम पाऊस पाडून शहराला वाचवण्यासाठी धडपडते.’ ऐकायला ती ठीक होती, पण मनात कुठेही अडकत नव्हती. आम्ही लेखिकेला कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही. ‘आम्हांला इथे एक शहर दिसले, पण ती अभियंता दिसली नाही,’ एवढेच आधी सांगितले आणि मग एक प्रश्न विचारला: पाऊस पाडण्यात ती यशस्वी झाली, तर कुणाचे नुकसान होईल? कृत्रिम पावसासाठी ढगांत फवारतात त्या सिल्व्हर आयोडाइड या रसायनाच्या कणांनी कोरड्या आकाशातून पाणी निर्माण होत नाही; ढगात बाष्प आधीच असावे लागते. म्हणजे इथे पाडलेले पाणी आधी कुठे तरी जाणार होते, असे निदान कथेपुरते धरायला हरकत नव्हती. पुढच्या महिन्यात ती जी ओळ घेऊन आली, ती मला आजही पाठ आहे: ‘नागपुरावर पाडलेला प्रत्येक पाऊस आपल्याच माहेरच्या, भंडाऱ्याच्या धानशेतीच्या वाट्याचा होता हे कळल्यावर, कृत्रिम पावसाच्या यंत्रणेची प्रमुख अभियंता शेवटचा ढग कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी एका रात्रीची मुदत मागते.’ ‘माहेरच्या’ हा एक शब्द आला आणि विज्ञान व माणूस एकमेकांत गुंतले. तो शब्द तिचा होता, आम्ही फक्त प्रश्न विचारला होता.

म्हणून माझा क्रम असा असतो की, आधी ओळ वाचून मला काय समजले ते माझ्या शब्दांत लेखकाला परत सांगावे. यात शेरेबाजी नसते, त्यामुळे ऐकणारा दुखावत नाही आणि कागदावर काय उतरले नाही ते त्याला आपोआप कळते. त्यानंतर मी नेमक्या कोणत्या शब्दाशी अडखळलो तो शब्द दाखवतो. ‘कथा संदिग्ध आहे’ असे म्हटल्याने लेखकाच्या हाती काही पडत नाही. ‘धडपडते म्हणजे नक्की काय करते?’ या प्रश्नाने मात्र त्याला कामाला लागता येते.

वैज्ञानिक चुकीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विज्ञान शिकलेले वाचक इथेच घाई करतात. समजा, ओळ अशी आहे की नागपुरातील एक शल्यविशारद मंगळावरच्या आपल्या मुलीला थेट बोलत बोलत जखमी सहकाऱ्यावर शस्त्रक्रिया करायला सांगतो. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत ४४ मिनिटांपर्यंत अंतर पडू शकते. ‘हे अशक्य आहे’ म्हणून तुम्ही थांबलात, तर लेखक कथाच फाडून टाकील. हीच माहिती देऊन ‘वडिलांचे उत्तर यायच्या आत तिला चाकू चालवावा लागला तर?’ असे विचारलेत, तर ज्याला आपण चूक म्हणत होतो तोच कथेचा कणा होऊ शकतो. जी चूक कथेच्या पेचाला धक्का लावत नाही, ती लॉगलाइनच्या टप्प्यावर मी काढतही नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. मी एकदा एका मुलाची ओळ ऐकून उत्साहाच्या भरात त्याला पूर्ण नवे कथानक सांगून टाकले. शिक्षकाचा शब्द म्हणून त्याने ते लिहायला घेतले आणि तीन पानांवर थांबला, कारण ती कथा त्याची राहिलीच नव्हती. त्याची पहिली ओळ कच्ची होती, पण त्याची होती. तो अपराध मला अजून बोचतो.

शक्य असेल तर ओळी नाव न सांगता वाचा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांसमोर केवळ कथा असावी, नाव नसावे, ही त्यामागची भूमिका मला फार मोलाची वाटते. आम्ही सगळ्या ओळी एकाच वहीत उतरवतो आणि यजमानांपैकी कुणी तरी त्या वाचून दाखवतात. नवख्याला त्यामुळे धीर येतो आणि ज्येष्ठांच्या ओळीवरही मोकळेपणाने बोलता येते.

ग्रहांची आणि यंत्रांची घडवलेली नावे ओळीत फार असतील, तर एखादे ठेवून बाकीची काढायला सांगा. त्यावर याहून अधिक वेळ घालवण्याची गरज नसते. आणि सुधारलेली ओळ परत आणायला लेखकाला आवर्जून सांगा. ती आली की जुनी समोर न ठेवता नवीच ओळ प्रथम ऐका, आणि तुम्हांला काय समजले ते पुन्हा आपल्या शब्दांत त्याला सांगा.