सरकारी सर्वेक्षण जहाज घेतले, यॉट करायला यार्डात नेले, आणि तिथेच अडकले

प्रश्न : सरकारी खात्याच्या लिलावात एका व्यापाऱ्याने घेतलेले १९७९ सालचे, ४७ मीटर लांबीचे सागरी सर्वेक्षण जहाज मी त्याच्याकडून विकत घेतले. दूरच्या, निर्जन किनाऱ्यांवर मित्रमंडळींना घेऊन जाता येईल अशी यॉट त्यातून करायची आहे. जहाजावरचे सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी समुद्रतळ मोजणारे यंत्र, ठेवावेसे वाटते. खर्चाला हातभार म्हणून वर्षातून दोन-तीन सफरींत पैसे देणारे १४ पाहुणे न्यावेत, असे मुलगी सुचवते. माझ्याकडे व्यापाऱ्याशी केलेला करारनामा आहे. सरकारी विक्रीचे मूळ कागद उरलेली रक्कम मिळाल्यावर देतो, असे तो म्हणतो. हे काम दिलेल्या जहाजदुरुस्ती यार्डाने इंजिनरूममधली पॅनेल उघडली तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस सापडले. त्यांनी काम थांबवून जादा बिल लावले आणि जहाज अडवून ठेवले आहे. त्यातच नोंदणीसाठी जहाज तपासायला आलेला सर्व्हेअर विचारतो, “खासगी की व्यावसायिक?” जहाज माझे स्वतःचे असताना हा प्रश्न येतोच कुठे? मी काय करावे?

उत्तर : सर्व्हेअरचा प्रश्न तुम्हाला खटकला आहे. पण तुमच्या साऱ्या पत्रात सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे आणि तो खरे तर जहाज यार्डात नेण्यापूर्वी कुणीतरी तुम्हाला विचारायला हवा होता.

तुमच्या जहाजाचा आजवरचा काळ नियमांच्या बाहेर गेला आहे. केवळ सरकारी, बिगरव्यापारी कामावर असलेल्या जहाजाला सागरी कायद्याच्या १९८२ च्या संयुक्त राष्ट्र कराराचे ९६ वे कलम खोल समुद्रात परक्या देशांच्या अधिकारातून पूर्ण मुक्त ठेवते. प्रदूषणाविषयीचा मार्पोल करारही अशा जहाजांना सक्तीने लागू होत नाही. त्यामुळे देखभाल उत्तम असूनही त्याच्या फायलीत इतर जहाजांकडे असणारी प्रमाणपत्रे मुळातच नसू शकतात. विक्री झाली त्या दिवशी ही सूट संपली. पोलाद १९७९ चे असले तरी नोंदणी अधिकाऱ्याच्या टेबलावर हे जहाज आज पहिल्यांदाच येते आहे.

आता खासगी की व्यावसायिक. जहाजसुरक्षेचा सोलास करार व्यापारात नसलेल्या खासगी यॉटना बहुतांश वगळतो. ही सवलत मालकी खासगी आहे म्हणून मिळत नाही, वापर खासगी आहे म्हणून मिळते. पाहुण्याने जागेचे पैसे दिले की बहुतेक ध्वजराष्ट्रांच्या (जहाज जिथे नोंदवले जाते त्या देशांच्या) नियमांत तो व्यापार ठरतो, मग त्याला तुम्ही भाडे म्हणा की हातभार. काही ठिकाणी मित्रांनी इंधन-धान्याचा प्रत्यक्ष खर्च वाटून घेतलेला चालतो. ती मुभा तुम्हाला आहे का, हे ज्या देशाचा ध्वज लावणार तिथून लेखी मागवा. तोंडी ‘चालतंय’ वर जाऊ नका. खासगी वापराची पॉलिसी असताना पैसे देणारा पाहुणा डेकवर पाय घसरून पडला, तर विमा कंपनी सर्वांत आधी हेच पाहील.

आणि १४ हा आकडा तर आजच सोडून द्या. व्यापारी वापरात १२ पेक्षा जास्त प्रवासी असले की जहाज आंतरराष्ट्रीय सफरीत प्रवासी जहाज ठरते. कप्तान, कर्मचारी आणि एक वर्षाखालचे मूल सोडून प्रत्येक जण प्रवासी. तुम्ही स्वतः कर्मचारी म्हणून नोंदलेले नसाल, तर तुम्हीही मोजले जाल असे धरून चला. जहाजाला भोक पडल्यावर ते किती वेळ तरंगेल, आग एका विभागातून दुसऱ्यात जाईल का, जीवरक्षक बोटी किती, या सगळ्याचे नियम तेरावा प्रवासी आला की बदलतात. १९७९ च्या सर्वेक्षण जहाजाच्या पोटात नवे जलरोधक विभाग घालायचे म्हणजे जहाज जवळजवळ नव्याने बांधायचे. हे होतच नाही असे नाही. ब्रिटिश नौदलाचे १९६८ सालचे सर्वेक्षण जहाज ‘बीगल’ २००२ मध्ये विकले गेले, पुढे ‘टायटन’ नावाची यॉट झाले आणि नंतर ‘अ‍ॅक्वा ब्लू’ नावाने पैसे देणाऱ्या पाहुण्यांना नेऊ लागले. पण तसे करायचे तर ते आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून ठरवावे लागते. अर्धे काम झाल्यावर सुचून चालत नाही.

तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात माझी नजर मागच्या डेकवर थांबली. सर्वेक्षणाच्या छोट्या बोटी ठेवायच्या जागी तुम्ही ८ बाय ८ मीटरचे, अडीच मीटर उंचीचे बंदिस्त सलून, म्हणजे बैठकीची खोली, काढले आहे. लिलावाच्या यादीतला टनांचा आकडा विसरा, ते जहाजाचे वजन आहे. नियम चालतात ग्रॉस टनेजवर आणि ते बंदिस्त जागेच्या घनफळावरून निघते. मापनाच्या मसुद्यात आजचे घनफळ १७५० घनमीटर आहे, म्हणजे १९६९ च्या टनेज कराराच्या सूत्राने ४६३. सलूनचे १६० घनमीटर त्यात मिळवले की ५०७. एका खोलीने तुम्ही ५०० ची रेषा ओलांडता, आणि व्यावसायिक जहाजासाठी ती रेषा म्हणजे मालवाहू जहाजांचा पूर्ण सोलास आणि सुरक्षा व्यवस्थापनाचा आयएसएम कोड. शिवाय जहाजातील घातक पदार्थांची यादी मागणारा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून अमलात आहे, तोही ५०० पासून पुढच्या जहाजांना लागतो. सलून तीन बाजूंनी उघडे ठेवले किंवा लहान केले तर आकडा खाली राहू शकतो. हे मापन करणाऱ्याकडून कापाकापीच्या आधी लिहून घ्या. मार्पोलची बरीच प्रमाणपत्रे मात्र ४०० पासूनच लागतात आणि त्यात खासगी यॉटलाही सुटका नाही. जुने मुख्य इंजिन काढून वेगळ्या जातीचे बसवणार असाल, तर बदलाच्या वेळी लागू असलेले धुराचे निकष त्याने पाळायला हवेत. स्वस्तात मिळालेले जुने इंजिन इथे महागात पडते.

कागदांबाबत मी कडक बोलतो. व्यापाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच तो तुम्हाला देऊ शकतो. सरकारने त्याच्या नावे केलेले खरेदीखत, पूर्ण रक्कम भरल्याची पावती, ताबा दिल्याचा कागद आणि जहाज सेवेतून काढल्याचा आदेश मूळ स्वरूपात हाती आल्याशिवाय उरलेला पैसा सोडू नका. दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्याकडे रक्कम ठेवा, कागद आणि पैसा एकाच बैठकीत हात बदलू द्या. सरकारी जहाज कधी व्यापारी नोंदवहीत गेलेच नसेल, तर ‘नाव कमी केल्याचा’ दाखला मिळणार नाही. त्याऐवजी ‘येथे कधीच नोंद नव्हती’ असा दाखला मागा. या एका कागदावाचून माझ्या एका अशिलाचे जहाज धक्क्यावरून हलू शकले नव्हते, आणि रोज डोळ्यांसमोर जहाज असूनही ते नेता न येण्याचा त्याचा त्रास मी जवळून पाहिला आहे. व्यापाऱ्याच्या ताब्यातल्या काळाचाही हिशेब घ्या. खलाशांचा थकलेला पगार, बंदराची देणी, ओढून आणल्याचा मोबदला अशांपैकी बरेच बोजे मालक बदलला तरी जहाजाला चिकटून राहतात आणि त्यांसाठी जहाज अटकवता येते.

यार्डावर चिडू नका, पण दबूनही जाऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉस सापडल्यावर काम थांबवणे योग्यच होते. कामगारांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे आणि त्या काळच्या जहाजात ते सापडणे नवल नाही. जहाज ताब्यात असेपर्यंत दुरुस्तीच्या थकबाकीसाठी ते अडवण्याचा हक्कही यार्डाला बहुतेक देशांत असतो. मात्र तो हक्क रास्त बिलापुरता. करारात जादा कामाची लेखी मंजुरी सांगितली आहे का, ते पाहा. तुमच्या सहीविना झालेल्या कामाची ओळ न ओळ वेगळी काढा. मान्य रक्कम लगेच भरा आणि वादाच्या रकमेपुरती बँक हमी देऊन जहाज सोडवून घ्या. रागाच्या भरात सगळेच पैसे थांबवले, तर यार्डाचे पारडे जड होते.

सोनार यंत्राबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे. पाहुण्यांना समुद्रतळ दाखवायला ते ठेवावेसे वाटते, हे मी समजू शकतो. पण परक्या देशाच्या किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक समुद्रात संशोधन किंवा सर्वेक्षण केले, तर १९८२ च्या त्याच कराराच्या १९ व्या कलमानुसार तुमचे जाणे ‘निरुपद्रवी’ राहत नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रातल्या संशोधनालाही त्या देशाची संमती लागते आणि माहिती सहा महिने आधी द्यावी लागते. आधीच जहाजाची ठेवण सरकारी, त्यात तळ मोजणारे यंत्र चालू दिसले, तर गस्ती बोट शंका घेणारच. नौकानयनाचा, खोली दाखवणारा साधा इको साउंडर ठेवा, बाकीचे काढा. काढलेले यंत्र विकण्यापूर्वी लिलावाच्या अटींत पुनर्विक्रीची बंदी आहे का, तेही वाचा. ध्रुवीय समुद्रात जायचा बेत असेल तर ३०० टनेज आणि त्यापुढच्या खासगी यॉटनाही ध्रुवीय संहितेतले नौकानयनाचे आणि सफर-नियोजनाचे नियम आहेत: नव्या यॉटना १ जानेवारी २०२६ पासून, तुमच्यासारख्या आधी बांधलेल्यांना १ जानेवारी २०२७ पासून.

तुमच्या जागी मी असतो तर खासगी नोंदणी, ५०० च्या आत टनेज आणि पाहुण्यांकडून एक पैसाही नाही, असे ठरवले असते. मुलीचा विचार सोडवत नसेल, तर व्यावसायिक नोंदणी, जास्तीत जास्त १२ प्रवासी आणि त्याप्रमाणे नवा आराखडा. दोन्हींपैकी एक निवडा आणि सर्व्हेअरला लेखी कळवा. तोवर मागच्या डेकला कटर लावू नये, असे पत्र यार्डाला आजच द्या, त्याची पोच घ्या. लिलावाच्या अटींची प्रत मिळाली की मला पाठवा.