क्लिक पेनच्या तयार किटमध्ये काय बदल केले की पेन खरंच चांगलं होतं?

तुम्ही लिहिलंय की तयार किट (क्लिप, बटण, पितळी नळी असे पेनाचे सुटे भाग) आणून घरच्या लहान लेथवर शिसवी लाकडाची चार-पाच क्लिक पेनं केली, लाकूड छान उतरलं, पण लिहिताना टोक हलतं, बटण खुळखुळतं आणि हातात घेतल्यावर ‘हे किटचं पेन आहे’ हे लगेच कळतं. मग नेमकं काय बदलायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी कोल्हापुरात राहतो आणि बरीच वर्षं नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी हेच काम करतो. माझ्या अनुभवावरून सांगतो, सुरुवात टोकापासून करा. बहुतेक जण आधी क्लिप किंवा बटण बदलायला घेतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण पेन कागदाला जिथे टेकतं तिथेच ढिलं असेल, तर मागे कितीही कलाकुसर केली तरी घेणारा आठवड्याभरात ते ड्रॉवरमध्ये टाकतो.

टोक हलतं त्याचं कारण साधं आहे. बहुतेक क्लिक किट पार्करच्या धाटणीच्या रिफिलसाठी बनवलेले असतात. पार्करचं जॉटर 1954 मध्ये आलं आणि पुढे या धाटणीची रिफिल इतकी रूढ झाली की मानकांमध्ये तिला ‘जी-2’ असं नाव आहे. लांबी सुमारे 98 मिमी आणि जाडी सहा मिमीच्या आसपास. (पायलटच्या ‘जी-2’ नावाच्या जेल पेनाशी याचा काही संबंध नाही. ती रिफिल लांब असते, या पेनात बसत नाही. नावावर जाऊन विकत घेऊ नका.) रिफिलचं बारीक टोक प्रत्येक कंपनीचं थोडं कमी-जास्त असतं, आणि किटवाल्याला तर कुठलीही रिफिल जावी अशी सोय ठेवावी लागते. म्हणून पुढच्या धातूच्या शंकूचं भोक मुद्दाम सैल असतं. वाचायला ती दोन-तीन दशांश मिमीची गोष्ट आहे, पण बोटांना प्रत्येक अक्षरागणिक जाणवते.

आजच्या आज करण्यासारखा उपाय म्हणजे रिफिलच्या बारीक टोकाला पारदर्शक चिकटपट्टीचा एक अरुंद वेढा द्या. भोकात जेमतेम सरकेल एवढाच. पेन लगेच घट्ट वाटेल. पट्टी काही दिवसांनी गोळा होते, तेव्हा हा कायमचा इलाज नाही. पण दोष नेमका कुठे आहे याची त्यातून खात्री होते.

कायमचा इलाज म्हणजे शंकू स्वतः बनवायचा. मी इथल्या कारखान्यांच्या वस्तीतून, उद्यमनगरातून, पितळी सळीचे उरलेले तुकडे आणतो, 10 किंवा 12 मिमीचे. तुकडा लेथच्या चकमध्ये (पकडीत) पकडून मागच्या बाजूने आधी रिफिलच्या अंगासाठी 6.2 मिमीचं भोक पाडायचं, पण आरपार नाही. पुढचे चार-पाच मिमी भरीव ठेवायचे. मग तुकडा न सोडता, त्याच पकडीत, टोकाचं बारीक भोक आरपार काढायचं. दोन्ही भोकं एकाच पकडीत झाली तरच एका रेषेत येतात. तुकडा काढून उलटा लावला की रिफिल तिरकी बसलीच म्हणून समजा. बारीक ड्रिलचं माप ठरवण्याआधी तुम्ही कायम वापरणार असाल त्या रिफिलचं टोक व्हर्नियरने मोजा आणि 0.1 मिमीने मोठं ड्रिल घ्या. आणखी एक गोष्ट, नवं धारदार ड्रिल पितळात एकदम खेचलं जातं आणि अडकून मोडतं. ड्रिलची कापणारी कड सहाणेवर अगदी हलकी घासून थोडी बोथट करा. पितळेत काम करणारा कुठलाही जुना टर्नर हेच सांगेल.

आट्यांची अडचण तुम्हालाही येईल. किटचे आटे बाजारातल्या टॅप-डायशी (आटे पाडायच्या हत्यारांशी) जुळतीलच असं नाही. मी किटचा आटेवाला तुकडा काढून लाकडाच्या आतल्या नळीत स्वतःचा पितळी बुश (पोकळ कडी) बसवतो आणि त्यात 8 मिमीचे, 0.75 पिचचे (म्हणजे दोन आट्यांमध्ये 0.75 मिमी अंतर असलेले) आटे पाडतो. कुठल्याही दुकानात मिळणारे 1.25 पिचचे आटे इथे चालत नाहीत. आत 6.2 चं भोक आहे, त्यावर इतके खोल आटे पाडले तर मध्ये धातू उरतोच किती? शंकू आवळताना आट्यापाशी तुटतो. बारीक पिचचा टॅप-डाय महाग पडतो, पण एकदा घेतला की पुढच्या प्रत्येक पेनाला उपयोगी येतो.

आता लांबी. क्लिक पेनात सगळं अर्ध्या मिलिमीटरवर चालतं. मागची यंत्रणा नळीत दाबून बसते, पुढे शंकू बसतो, आणि या दोघांमधलं अंतर ठरवतं की रिफिल किती बाहेर येणार. लाकडाची तोंडं सपाट करताना नळी अर्धा मिमी जास्त घासली गेली, तर रिफिलही तेवढीच पुढे येते. हा धडा मला मामांच्या पेनाने दिला. त्यांना क्लिप नको होती म्हणून मी ती काढून टाकली. क्लिपची कडी यंत्रणा आणि लाकूड यांच्यामध्ये असते, हे डोक्यात होतं, पण तिची जाडी मी हिशोबात धरली नाही. कडी गेल्यावर यंत्रणा तेवढी आत बसली. पेन बंद केलं तरी रिफिलचं टोक केसभर बाहेर राहत होतं. मामांनी ते पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि संध्याकाळी खिशाच्या तळाशी निळा डाग घेऊन घरी आले. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं. तेव्हापासून काहीही चिकटवण्याआधी मी सगळं पेन नुसतं हाताने जोडून बघतो. क्लिक केल्यावर टोक साधारण दोन मिमी बाहेर आणि बंद केल्यावर निदान एक मिमी आत, असं दिसल्याशिवाय पुढे जात नाही.

रिफिल जास्त पुढे येत असेल तर शंकू आणि लाकूड यांच्यामध्ये उरलेल्या पितळी नळीतून कापलेली पातळ चकती घाला. लाकूड आणि शंकू यांच्यामध्ये ती पिवळी रेघ इतकी छान दिसते की आता मी ती मुद्दामच घालतो. उलट, रिफिल पुरेशी बाहेर येत नसेल तर रिफिलच्या मागे प्लास्टिकची छोटी चकती बसते. जुन्या रिफिलच्या मागच्या बुचातून ती कापता येते.

मागच्या क्लिकच्या यंत्रणेला मात्र मी सहसा हात लावत नाही. बटणाखाली दातेरी भाग असतो, त्याखाली तिरक्या दातांचं फिरतं चाक. दाबलं की चाक खाचेतून सुटतं आणि स्प्रिंगच्या जोरावर थोडं फिरून पुढच्या खाचेत किंवा काठावर टेकतं. म्हणजे स्प्रिंग रिफिल मागे ढकलते आणि चाकही फिरवते. क्लिक मऊ व्हावं म्हणून स्प्रिंगचे वेढे कापणारे बरेच आहेत. वेढे कमी झाले की चाक अर्धवट फिरतं आणि पेन मध्येच बंद होतं. यंत्रणाच बदलायची असेल तर जर्मनीच्या श्मिट कंपनीच्या यंत्रणा सुट्या मिळतात, पण त्यांचे आटे आणि लांबी किटपेक्षा वेगळी असते. म्हणजे पेनाचं माप पुन्हा पहिल्यापासून काढायचं.

बटण बदलणं त्यामानाने सोपं आहे. मुलामा दिलेलं प्लास्टिकचं बटण काढून पितळेचं किंवा त्याच लाकडाचं बसवा. दोन भागांचं इपॉक्सी वापरा, आणि चिकटवल्यावर पेन बटण खाली येईल असं उलटं ठेवा, नाहीतर चिकट ओघळून यंत्रणेत जातं आणि सगळंच जाम होतं. बटणाभोवती केसाएवढी फट राहू द्या.

आकाराबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. किटसाठी मिळणारे कातायचे बुश (लाकडाच्या दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या कड्या) तुमच्या हातून सरळसोट दांडा करून घेतात. ते फक्त दोन्ही टोकांची मापं सांगतात, मधला भाग तुमचा आहे. आपली बोटं टोकापासून साधारण 25 ते 35 मिमीवर येतात. किटच्या पेनात तिथे नेमका गुळगुळीत क्रोम येतो आणि घामाने बोट घसरतं. शंकू आखूड करून लाकूड पुढे आणा आणि बोटांच्या जागी अगदी हलका खोलगटपणा द्या. मागचा भाग बारीक ठेवा. यंत्रणा, कडी, क्लिप सगळं मागेच असल्याने पेन वरून जड होतं. पुढे पितळी शंकू आला की वजन खाली उतरतं आणि हात लवकर दुखत नाही. माझी मुलगी अभ्यासाचे लांबलचक कागद याच पेनाने लिहिते, दुसरं घेत नाही.

मँड्रेलचं, म्हणजे लाकूड ज्या दांड्यावर ओवून कातायचं त्याचं, नट फार आवळू नका. दांडा किंचित वाकतो, लाकूड लंबगोल कातलं जातं आणि शंकूपाशी एका बाजूला पायरी राहते. शक्य असेल तर मँड्रेल सोडून दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन अणकुचीदार टोकांमध्ये धरून, कातायला शिका.

लाकूड नीट वाळलेलं हवं. ओलसर लाकूड पितळी नळीवर चिकटवलं की पावसाळा संपता संपता आकसतं, नळी काही आकसत नाही, मग लांबीच्या दिशेने चीर पडते. शिसव, बाभूळ, चिंच ही तिन्ही मी वापरतो. चिंचेचा गाभा मिळाला तर सोडू नका, त्याच्या गडद रेघा लहान पेनातही उठून दिसतात.

तुमच्या किटमधल्या पितळी नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून खाली लिहा. त्यावरून तुमच्या पेनाला 8 चे आटे बसतील की नाही, हे सांगता येईल.