होडीच्या डिझेल टाकीत घाण झाली आहे, फिल्टर बदलूनही इंजिन बंद पडतं. टाकी कशी साफ करायची?

तुम्ही लिहिलंय की हिडकल धरणाच्या बॅकवॉटरमध्ये तुमची मासेमारीची होडी आहे, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, टाकी पत्र्याची. फिल्टर दोनदा बदलला, तरी इंजिन अर्ध्या वाटेत हिसके देऊन बंद पडतं. तिसऱ्यांदा फिल्टर बदलू नका. दुखणं टाकीच्या तळाशी आहे. टाकी खाली उतरवा.

मी चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी पाणी उपसायची आणि होडीची इंजिनं दुरुस्त करतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली होता आणि मळ्यातल्या वस्तीवरची माणसं आणायला आम्ही होडी घेऊन गेलो. परतताना भर धारेत इंजिन बंद पडलं. होडीत सात माणसं, दोन शेरडं. पाण्यानं आम्हाला बुडालेल्या उसाच्या फडाकडे ओढलं. उसाचे शेंडे धरून आम्ही थांबलो, तेव्हा कुठं गावातली पोरं गुऱ्हाळाची काहील घेऊन दोर टाकायला आली. दुसऱ्या दिवशी टाकीचा खालचा बोल्ट ढिला केला तर आधी डिझेल आलंच नाही, तांब्याभर गढूळ पाणी आलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी खात्री करा. होडी रात्रभर हलवू नका. सकाळी खालच्या बोल्टातून पहिली धार काचेच्या बाटलीत धरा आणि अर्धा तास तशीच ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं पाणी तळाला बसतं. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि त्या दोघांच्या मधे काळपट, बुळबुळीत साय दिसली तर समजा, टाकीत जिवाणू वाढलेत. ते नेमके डिझेल आणि पाणी जिथं भिडतात तिथं जगतात. तीच साय सुटून फिल्टरवर बसते. पाणी काढलंत की त्यांचा थाराच जातो.

काम सकाळी, मोकळ्या जागेत, सावलीत करा. डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेट घेत नाही खरं, पण आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या टाकीत वाफ धरते. जवळ विडी नको, चूल नको. तोंडानं पाईप ओढून डिझेल काढायची सवय आपल्यात फार आहे. ती सोडा, फुफ्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो.

टाकी रिकामी केली की पाईप, कॉक आणि आतली जाळी काढून घ्या. आता दोन-तीन लिटर चांगलं डिझेल आत ओता, हातभर बारीक साखळी स्वच्छ धुऊन, कोरडी करून आत सोडा, तोंडं बंद करा आणि दोघांनी धरून टाकी आडवी-उभी हलवा. साखळी कोपऱ्यातला गंज आणि चिकटलेला थर खरवडून काढते. ओता, पाहा, परत करा. आम्हाला सहसा तीन-चार वेळा करावं लागतं. शेवटचं डिझेल पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. फडक्यावर गंजाचा कण किंवा काळं काही दिसलं तर अजून एकदा. साखळी परत बाहेर काढायला विसरू नका. साबण-पाणी मी वापरत नाही, कारण सांध्यांत राहिलेलं पाणी सुकवणंच अवघड. धुऊन झाल्यावर बॅटरीच्या उजेडात आत बघा. पत्रा पापुद्र्यांनी सुटत असेल किंवा टोचलं तर भोक पडेल असा झाला असेल, तर नवीनच टाकी करून घ्या. जुन्या टाकीला वेल्डिंग करायला जाऊ नका, आतल्या वाफेनं स्फोट होतो.

टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या पाईपचं तोंडही तपासा. गावात बनवलेल्या बऱ्याच टाक्यांत ते अगदी तळाला टेकलेलं असतं, म्हणजे सगळा गाळ आधी इंजिनच पिणार. ते तळापासून बोटभर वर हवं.

परत बसवताना फिल्टर नवीन घाला, मग एअर, म्हणजे पाईपात अडकलेली हवा, काढा. फिल्टरचा वरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागलं की आवळा. त्यानंतर नॉझलकडच्या पाईपचा नट किंचित सैल करून हँडल फिरवा, डिझेल आलं की घट्ट करा. तिथं बोट धरू नका, त्या दाबाची धार कातडीत घुसते.

एवढं करूनही पाणी परत येणार असेल तर मेहनत वाया. त्यामुळं ते कुठून येतं ते शोधा. बहुतेक वेळा झाकणाचं वायसर कडक झालेलं असतं किंवा हवेचं छिद्र वरच्या बाजूला उघडं असतं. दुसरं कारण अर्धी रिकामी टाकी. पावसाळ्यात रात्री पत्रा गार पडला की आतल्या हवेतला ओलावा थेंब होऊन तळाला जातो. म्हणून होडी उभी करताना टाकी भरून ठेवा, वर थोडी जागा सोडून. बॅरलमधून डिझेल घेत असाल तर बॅरल हलवू नका आणि तळाचं घेऊ नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खालच्या कॉकमधून बाटलीभर काढून बघा.

पेट्रोलच्या आऊटबोर्डवाल्यांनी, म्हणजे होडीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन असलेल्यांनी, यातलं साखळीचं काम मुळीच करू नये, ठिणगी पडू शकते, आणि रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची असते. शिवाय आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं वेगळंच. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून इथेनॉल तयार होतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन पाण्यासकट तळाला बसतं. ते गाळून सुधारत नाही, सगळंच काढावं लागतं.

काढलेली घाण डब्यात बंद करून जुनं ऑईल नेणाऱ्याला द्या. धरणात ओतू नका, खालची गावं तेच पाणी पितात. सुरुवातीला धरलेल्या बाटलीत काय दिसलं ते इथंच लिहा, मधला थर किती जाड आहे त्यावरून पुढचं सांगता येईल.